अमृताचं वाकडं हसू
तिकोणा पेठेतल्या अमृताला जन्म दिला ज्योत्स्नानं, पण लळा लागला होता काकीचा. ज्योत्स्ना कंपनीच्या बसनं सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. तोवर पोरीचं खाणंपिणं, वेणीफणी सगळं तिची धाकटी जाऊ हिरा करायची. रात्री पोर काकीच्या कुशीत शिरली की ज्योत्स्नाला ते खुपायचं. आपलीच पोर, आणि आपल्याच घरात मागून घ्यायची!

पावसाळा सरताना अमृताचं डोकं सारखं दुखायला लागलं. मग एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कडेनं ओघळलं. तोंड वाकडं झालं होतं, उजवा डोळा मिटत नव्हता. हिरा लगेच चपला घालून निघाली. ज्योत्स्नानं तिला दारातच अडवलं. "आई मी आहे. मी नेते."

लोणावळ्याच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मध्यंतरी गोचीड चावली होती का हिला? अंगावर लाल चट्टा?"

"नाही," ज्योत्स्ना ठामपणे म्हणाली.

"चावली होती की," अमृता बोबडं बोलली. "काकीनं काढली."

ज्योत्स्नाचा चेहरा पडला. नाइलाजानं तिनं फोन लावला.

"व्हय ताई, मानंवर चावलीती," हिरा म्हणाली. "चट्टा बी उठला व्हता, लय मोटा. मला वाटलं, उष्णतेचा आसंल. माज्या शेळ्यांवरच्या गोचिडीमुळं झालं का वो?"

तिचा रडवेला आवाज ऐकून ज्योत्स्नाला आतून बरंच वाटलं. "तुझ्यामुळंच," म्हणून तिनं फोन बंद केला.

पाठीतलं पाणी तपासलं. गोचीड चावल्यानं होणारा, आपल्याकडे क्वचितच दिसणारा लाइम नावाचा आजार निघाला; त्यानं चेहऱ्याची नस धरली होती.

"चट्ट्याचं कळलं म्हणून लवकर सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिरेतून औषध सुरू झालं. पण सुई दिसली की अमृता काकीच्या नावानं टाहो फोडायची. ज्योत्स्नानं जवळ घेतलं, गोष्टी सांगितल्या, रागावूनही पाहिलं. शेवटी तिनं व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला.

"हिरा, ये गं. ती माझं ऐकत नाही. आणि तुझ्यामुळं नाही झालं काही. मी उगाच बोलले."

हिरा आली तशी अमृता अर्ध्या तोंडानं हसली. ज्योत्स्नाच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली. तरी ती सरकली आणि हिराला पोरीच्या उशाशी जागा करून दिली.

हळूहळू डोळा मिटू लागला, ओठ सरळ झाला. अमृता अजून काकीजवळच निजते. ज्योत्स्नाला ते आजही खुपतं. पण आता ती आपलं अंथरूण त्या दोघींना लागूनच घालते.