डाव्या पायाची सुट्टी

बस गचकन थांबली आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मॅडमच्या हातातला चहा त्यांच्याच मांडीवर सांडला.

"काका, परत डावा पाय," मॅडम कपडे झटकत म्हणाल्या. वयाने त्या काकांच्या लेकीएवढ्या.

"मी नाही दाबला. त्यानेच दाबला," काका म्हणाले.

आणि ते खरंच होतं. काकांचा जन्म क्लच दाबण्यात गेला होता. डेपोत आलेल्या या नव्या, विजेवरच्या बसला क्लचच नव्हता. पण थांबा जवळ आला की डावा पाय आपला आपण उठायचा, क्लच शोधायचा आणि धाडकन ब्रेकवर पडायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकांची तर झोपेतही जात नव्हती. "रात्रभर लाथा मारून गाडी हाकता, निदान मला तिकीट तरी फाडून द्या," असं काकू कैक वर्षं ऐकवत आल्या होत्या.

जुन्या गाड्या भंगारात निघाल्या होत्या. शुक्रवारच्या परीक्षेत नापास झाले, तर काकांना डेपोच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचं होतं. त्यांच्या बरोबरीच्या एकाने ती खुर्ची आनंदाने घेतलीही होती. काका मात्र तिच्याकडे न बघताच फाटकातून आत शिरायचे. स्टिअरिंग हातात नसताना आपण कोण, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका सीटवर बसले आणि त्यांनी डावा बूट काढून बाजूला ठेवला.

"हे काय, काका?"

"त्याला सुट्टी दिलीय, मॅडम. बूट घातला की त्याला वाटतं, ड्यूटी सुरू झाली."

मॅडम हसल्या. "परीक्षेला बूट लागेल हं."

"तोवर कळेल त्याला."

अनवाणी टाच सीटखालच्या गार पत्र्याला टेकवून काका रोज डेपोच्या मैदानात चकरा मारत राहिले. पाय उठला की टाचेखालचा गारवा जायचा आणि काकांना कळायचं. "बस रे बाबा आता, झालं तुझं," ते पुटपुटायचे. असं म्हणताना त्यांना वाईट वाटायचं. इतकी वर्षं इमानेइतबारे राबलेल्याला घरी बसवायचं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं कळत होतं.

शुक्रवारी दोन्ही बूट घालून त्यांनी बस चालवली. प्रत्येक थांब्यावर ती अलगद थांबली आणि मॅडमचा चहा कपातच राहिला.

शनिवारी सकाळी काकूंचे डोळे तांबारलेले होते.

"झोप नाही झाली?" काकांनी विचारलं.

"कुठली झोप. तुमचा पाय रात्रभर हललाच नाही. दोनदा उठून बघितलं मी, श्वास चालू आहे ना म्हणून."

कामावर निघताना उजवा बूट काकांनी नेहमीसारखा चढवला. डावा घालण्याआधी मात्र ते पायरीवर बसले, पाय मांडीवर घेऊन थोडा वेळ चोळला, आणि मग बूट घालून त्याची नाडी नीट बांधली.