सोबतीची सोय

"हा गोल पिंजरा नको, हा पोपटाचा झाला," वसंता म्हणाला. "उंच पाहिजे. हे जनावर वरून खाली तरंगत येतं, त्याला उंचीच लागते. अन् गजांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको, डोकं घालून निसटतं."

वाटूर फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात गिरिजाबाई लेकाच्या मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या झाकणाच्या टोपलीत ते जनावर भरदुपारी निजलं होतं. मुठीएवढं, खारीसारखं, राखाडी, कपाळापासून शेपटीपर्यंत काळी रेघ.

"काय म्हंत्यात याला?" दुकानदार संपतनं विचारलं.

"शुगर ग्लायडर."

"शुगर हाय त्याला? एवढुशा जिवाला?"

वसंता हसला. गिरिजाबाई हसल्या नाहीत.

आठवड्यापूर्वी पुण्याहून वसंताचा फोन आला होता. "आई, तू एकटी राहतेस, बरोबर वाटत नाही. रविवारी येतो अन् तुझी सोय करतो." नवरा गेल्यापासून या वाक्याची त्या वाट पाहत होत्या. गिरिजाबाई बायकांचे ब्लाउज शिवत. फोन ठेवला तशा त्या गल्लीत निघाल्या आणि ज्याचं त्याचं कापड न शिवता परत करून आल्या. लेकाकडं चालले, नातीजवळ राहीन म्हणाल्या. दोन लुगडी, औषधं, जपाची माळ असं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

आज रविवारी सकाळी वसंतानं गाडीतून ही टोपली उतरवली. "रात्रभर भुंकतं गं हे. सोसायटीतले लोक भांडायला येतात. म्हटलं, तुलाही सोबत होईल."

त्यांनी पायानंच गाठोडं खाटेखाली सरकवलं. वसंताचं लक्ष टोपलीकडे होतं.

संपतकडचा चिमण्यांसाठी केलेला उंच, रंग दिलेला पिंजरा शेवटी पसंत पडला. घरी आल्यावर वसंता तो घेऊन खोलीभर फिरला. चुलीचा धूर नको, ऊन नको, दारातला वारा नको. उरला खिडकीशेजारचा कोपरा. तिथं शिलाई मशीन होती.

"मशीन मागच्या पडवीत टाकू. आता कुठं तू एवढं शिवतेस?"

"शिवत व्हते," गिरिजाबाई म्हणाल्या. "आठ दिवसांखाली."

मशीन ओढताना फरशीवर लांब ओरखडा उठला. वसंतानं पेरूच्या फांद्या धुऊन पिंजऱ्यात तिरप्या बांधल्या. मग वर झोपायला झोळी हवी म्हणाला. कापड मऊ पाहिजे, सुटा धागा नको, नखं अडकतात. गिरिजाबाईंनी खाटेखालचं गाठोडं सोडलं, त्यातल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडला आणि कडा आत दुमडून हातानं झोळी शिवली.

"तुझी झोळी बी माझ्या लुगड्याचीच व्हती."

"हो का?" पिंजऱ्याच्या दाराची कडी ओढून पाहत वसंता म्हणाला.

निघताना त्यानं गाडीची काच खाली केली. "संध्याकाळी पुढच्या खोलीत दिवा लावू नको, अंधार झाल्याशिवाय उठत नाही ते. अन् त्याच्याशी बोलत जा आई. एकटं पडलं की मनाला लावून घेतं, खाणं सोडतं. दुसरा जोडीदार बघतोय मी त्याला."

"बघ बाबा," त्या म्हणाल्या. "जल्दी बघ."

गाडी वळल्यावर त्या गल्लीतल्या पुष्पाबाईंच्या दारात गेल्या.

"तुमचं कापड द्या वं. शिवून देते."

"अगं बाई, गेल्या न्हाई तुम्ही? लेक न्यायला आल्ता ना?"

"न्यायला न्हाई. ठेवायला आल्ता."

पुष्पाबाईंना नीट कळलं नाही. त्यांनी कापड आणून दिलं.

मागच्या पडवीत बल्ब नव्हता. पुढचा लावायचा नव्हता. दिवस मावळता मावळता गिरिजाबाई मशीनवर बसल्या, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि बोटानं सुईचं नेढं चाचपू लागल्या. पुढच्या खोलीत जनावर उठलं. आधी गजांवर नखं वाजली, मग लहान, तुटक भुंकणं सुरू झालं.

"हाय मी हितंच," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, आणि दोरा पुन्हा ओला केला.