नव्वद मीटरचे खोटे

मित्रांनो, माझ्या कपाळावर काळ्या अक्षरांत 'ताडकळस ६' असे लिहिले आहे. पिंगळीकडून ताडकळसला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली मी उभा असतो. मी किलोमीटरचा जुना दगड. येणाऱ्या-जाणाऱ्याला अंतर सांगणे एवढेच माझे काम. तेवढेच माझ्याकडून चुकले.

पन्नासेक वर्षांपूर्वी एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. घडवताना तो आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगे. निजामाच्या काळात टपालाची थैली घेऊन हलकारे पळत. काठीला घुंगरू बांधलेले असत. एकाने ठरलेल्या मैलापर्यंत पळायचे, दुसऱ्याने तिथून थैली उचलायची. त्यामुळे पळणाऱ्या माणसांबद्दल मला जन्मापासून आदर वाटतो. मला गाडायच्या आधी दोन माणसांनी साखळी ताणून अंतर मोजले, खुंटी ठोकली आणि पुन्हा एकदा मोजले. त्या दुसऱ्या मोजणीचा मला फार अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला. माझ्या जागेला लागूनच, रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी मोरी आली आणि यंत्राने मला उपटून बाजूला टाकले. काम संपल्यावर मजूर या बाभळीखाली भाकरी खात बसले होते. मला मोरीपलीकडे नेऊन मोजून बसवायला हवे होते. मुकादम म्हणाला, "हितंच गाडा की. कोन मोजायलंय?"

मी शेजारच्या 'ताडकळस ७' या दगडाच्या दिशेने नव्वद मीटर सरकलो. वरून नवा रंग लागला. मी पूर्वीपेक्षाही खरा दिसू लागलो.

वर्षभराने निकिता आली. ती सतरा वर्षांची होती, अंगाने काटक. तिच्याबरोबर मोटारसायकलवर सिद्धोधन सर असत. ते गावच्या शाळेत नुकतेच बदलून आलेले खेळाचे शिक्षक. सातच्या दगडापासून माझ्यापर्यंत एक किलोमीटर, असा त्यांचा हिशोब. निकिता पळत यायची, माझ्या डोक्यावर जोरात थाप मारायची आणि वळायची. येताना एक, परत जाताना एक, अशा दहा खेपा म्हणजे दहा किलोमीटर. ती थाप मला फार आवडे. माझ्या एवढ्या आयुष्यात कोणी मला असा हात लावला नव्हता.

बाभळीखाली दगडाबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन बसे. एकदा तिने विचारले, "सर, मही शेळी दोन पावलं पळली की धापा टाकायली. ही पोरगी कशी टिकती हो?"

"शेळीला तोंडानं गार व्हावं लागतं, मावशी," सर हसून म्हणाले. "माणूस सगळ्या कातडीनं गार होतो. हा घाम बघा. म्हणून लांब पल्ल्याला लय कमी जनावरं माणसापुढं टिकतात."

"मंजी घाम गाळायचाच फायदा?"

"एक अट हाय. आपल्या दमापेक्षा जास्त वेगानं पळायचं न्हाई. स्नायूंना श्वास पुरला पाहिजे. न्हाई पुरला तर साठवलेली साखर भसाभस जळती, आणि पाय जड पडतात."

म्हणजे निकिताचा दम किती हे कळणेच महत्त्वाचे होते. ते मोजायचे कशावर? माझ्यावर.

दुसऱ्या वर्षी ती दहा खेपा पंचेचाळीस मिनिटांत पुऱ्या करू लागली. सरांनी वहीत लिहिले, किलोमीटरला साडेचार मिनिटे. त्या दिवशी मोटारसायकलच्या मीटरकडे बघून ते थबकले. "एका खेपेला नऊशेच दाखवायलंय."

"सर, तुमच्या गाडीचा हॉर्न तरी वाजतो का?" निकिता म्हणाली. "मीटर काय खरं सांगणार?"

"ते बी हाय. सरकारी दगड थोडाच खोटा असंल." सरांनी मीटरवर टिचकी मारली आणि विषय संपला.

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे माहीत होते. दगडाला बोलता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा टोचले.

डिसेंबरमध्ये परभणीला निवड चाचणी झाली. दहा किलोमीटर, मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. पहिल्या तिघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. वीस वर्षांखालच्या गटात निकिताची ती शेवटची संधी होती. निघायच्या आधी सर इथेच तिला म्हणाले, "एका फेरीला एकशे आठ सेकंद. सराव हाय तुला. घाबरू नको."

चार दिवसांनी ती एकटीच चालत आली आणि मला टेकून बसली.

"काय झालं गं?" दगडाबाईने विचारले.

"बारा फेऱ्या मी पुढं होते, मावशी. मग पायात शिसं भरल्यागत झालं. एकोणिसाव्या फेरीला खालीच बसले. तिसरी आली त्या पोरीला पन्नास मिनटं लागली. पन्नास! मी हितं रोज पंचेचाळीसमधी पळते."

दगडाबाईने पदराने तिचे तोंड पुसले. "आन् रोज याच्या डोक्याला हात लावून नवस करत व्हतीस. मी बी कुंकू लावलं याला तुझ्यासाठी. पर ह्यो काय पावनार? ह्यो मूळ जागचा न्हाईच. मोरीपल्याडून उचलून आनलाय."

निकिता ताडकन उठली. "कुठून?"

"त्या तिथून. म्या बसले व्हते की हितंच."

"मग सांगितलं का न्हाई, मावशी?"

"तू इच्यारलंस का? मला वाटलं, पोरगी नवसाची थाप मारायली."

दुसऱ्या दिवशी सर शाळेतली तीस मीटरची फीत घेऊन आले. सातपासून माझ्यापर्यंत तीस वेळा ती पूर्ण ताणली आणि वर दहा मीटर उरले. नऊशे दहा. सरांनी वहीत भागाकार केला. निकिताचा खरा वेग किलोमीटरला चार मिनिटे सत्तावन्न सेकंद होता. त्या वेगाने ती शांतपणे पळली असती, तर साडेएकोणपन्नास मिनिटांत पोचली असती. तिसरी आली असती.

"मीटर बरोबर होतं," सर खाली बघत म्हणाले. "मी एकदा फीत लावायला पायजे होती."

निकिताने फीत गुंडाळली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

सरांनी मोरीपलीकडे रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ मारली. आता गावच्या लहान मुली तिथे जाऊन वळतात. निकिता परभणीला नर्सिंग शिकते, एस.टी.ने जाते. माझ्या डोक्यावर आता दगडाबाईच्या कुंकवाखेरीज काही पडत नाही.

मित्रांनो, मी खोटे बोललो नाही, मला खोट्या जागी उभे केले. पण त्याने निकिताचे काय भरून निघते? तुम्ही कधी काही मोजायची वस्तू हलवलीत, तर ती परत मोजून ठेवा. तिच्या भरवशावर कोणीतरी जिवाच्या आकांताने पळत असते. आणि जमले तर माझ्यासाठी अर्ज करा. मला नव्वद मीटर मागे नेऊन गाडा.

गेल्या रविवारी सकाळी निकिता आली होती. घाई न करता, एकाच लयीत ती सातकडून पळत आली. मी थापेची वाट पाहिली. ती थांबली नाही. माझ्यापासून पांढऱ्या रेघेपर्यंत तिच्या पावलांचा आवाज मी मोजत राहिलो. सत्तावीस सेकंद. दोन वर्षे रोज, प्रत्येक खेपेला मी तिचे तेवढे पळणे चोरले होते.