खोड सांगितलेली बरी

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं म्हणतात. मोहिनीचं नाक चांगलं सरळ होतं. तिचं विघ्न नाकाच्या खाली होतं. खालचा ओठ संपला की तोंड घाईघाईनं गळ्यात उतरायचं. हनुवटी म्हणावी अशी नव्हतीच. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या धनगरवस्तीवर कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. तिची आई भामाबाई हेच तोंड घेऊन जन्मली होती आणि याच तोंडानं तिनं वस्तीतली निम्मी भांडणं जिंकली होती. पण मोहिनी नसरापूरला मेडिकलच्या दुकानात कामाला लागली, स्थळं यायला लागली, आणि चहा-पोहे खाऊन गेलेली मंडळी निरोपच पाठवेनात. एका पाहुणीनं तर सरळ विचारलं, "पोरगी ल्हानपणी पडली-बिडली व्हती का?"

तेव्हा मोहिनीनं मनाशी ठरवलं. पगारातून पैसे साठवले आणि पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी तोंडाच्या आतून चीर देऊन हनुवटीचं हाड कापलं, पुढं सरकवलं आणि पट्टी-स्क्रू लावून बसवलं. बाहेर कुठं व्रण नाही. सूज उतरल्यावर आरशात एक ठीकठाक मुलगी दिसायला लागली. फार देखणी वगैरे नाही, पण जिच्या हनुवटीकडं कुणी वळून बघणार नाही, अशी. तिला तेवढंच हवं होतं. हा विषय आपल्या आयुष्यातून कायमचा जावा, याहून जास्त तिनं काही मागितलं नव्हतं.

लेकीची दाढ काढली, असं भामाबाईनं वस्तीला सांगून टाकलं. नवऱ्यालाही बजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुठं बोलू नगासा." रायबानं मान डोलावली, पण ते त्याच्या पोटात राहीना.

त्यालाही कारण होतं. रायबा जनावरांचा माणूस. बाजारात लोक म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल चोळून त्याला तरणा म्हणून खपवत. रायबा गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगायचा, "ह्या शेळीचा एक सड बंद हाय, त्यातनं दूध येत न्हाई, बरं का." खोड सांगून विकलेलं जनावर दारात परत येत नाही, हा त्याच्या बापाचा धडा. या गुणापायी घराचं नुकसान किती झालं ते भामाबाईला विचारावं. पण रायबाचं जनावर डोळे झाकून घ्यावं, असं चार गावांत म्हणत, आणि तो त्या बोलण्यावर जगत होता.

दिवाळी झाली आणि शिवऱ्याचं स्थळ आलं. मुलगा दत्ता, स्वतःचा टेम्पो चालवणारा. औषधाच्या निमित्तानं त्यानं मोहिनीला दुकानात पाहिलं होतं, मग औषध नको असतानाही तो येत राहिला होता. मोहिनीलाही तो आवडला होता, हे सांगून टाकलेलं बरं. त्याचा बाप कुंडलिक जन्मभर मेंढरं राखून आता हायवेला चहाची टपरी टाकून बसला होता. बोलणी लोण्यासारखी झाली. कुंडलिक म्हणाला, "आमची पसंती हाय. फोडा सुपारी."

रायबाचा हात सुपारीकडं गेला आणि मध्येच थांबला.

"पाव्हणं, एक सांगायचं ऱ्हायलं."

दारात उभी असलेली भामाबाई जोरानं खाकरली. उपयोग झाला नाही.

"पोरीची हनुवटी मूळची न्हाई. आपरेशन करून फुडं घेतलीया. म्या खोड लपवून कवाच काय दिलं न्हाई."

मोहिनीचे कान तापले. भर बाजारात आबा माझा जबडा उघडून दाखवतायत, असं तिला वाटलं. बापाचा एवढा राग तिला आजवर कधी आला नव्हता.

कुंडलिक मात्र रागावला नाही. त्यानं त्याच धंद्यातला प्रश्न विचारला, "ह्यो वाण कुणाकडनं आला?"

"तिच्या आईकडनं."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. भामाबाईनं पदर ओढला आणि नाकापर्यंत तोंड झाकून घेतलं. तिला असं करताना मोहिनीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"मला तर काय फरक पडत न्हाई, दादा," दत्ता बापाला म्हणाला.

कुंडलिकनं थोडा विचार केला. "रायबा, तुमी न इचारता सांगितलंत. असा सोयरा शोधून घावायचा न्हाई. पसंती कायम!" रायबानं बायकोकडं विजयानं बघितलं. कुंडलिक पुढं म्हणाला, "फकस्त एक करा. आमची भावकी मोठी, बाया चौकस. लग्नात विहीणबाईंनी पदर असाच ठेवावा. मायलेकी शेजारी उभ्या ऱ्हायल्या की कुणालाबी उमगंल."

"ठेवीन की," पदराआडून भामाबाई लगेच म्हणाली. "त्यात काय एवढं."

दत्ता खाली घोंगडीकडं बघत होता. मोहिनी त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं एकदा तरी मान वर करावी, असं तिला फार वाटत होतं. आता ती नुसती गप्प बसली असती, तर हनुवटीचा विषय खरंच कायमचा मिटणार होता.

"न्हाई," ती म्हणाली. "माझी आय तोंड झाकून माझ्या लग्नात बसणार न्हाई. मला हे स्थळ नको."

कुंडलिक रायबाकडं बघू लागला. रायबानं सुपारी उचलून परत चंचीत टाकली. "पोरगी न्हाई म्हणती, पाव्हणं," तो म्हणाला. मंडळी उठली. टेम्पोत बसण्याआधी दत्ता जरा घुटमळला, मग बसला.

टेम्पो उतारावरून दिसेनासा होताच भामाबाईनं पदर फेकला आणि लेकीवर तुटून पडली.

"टकुरं फिरलंय का तुझं? मी चुलीम्होरं बसून ऱ्हायले असते. चांगलं हातचं पोरगं घालवलंस! मग त्ये हाड कशापायी कापून घेतलंस?"

"मला माझं तोंड नको व्हतं, आये," मोहिनी म्हणाली. "तुझं नको, असं म्या कवा म्हणलं?"

भामाबाईनं तिच्याकडं नीट निरखून बघितलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"दोनी एकच व्हती की गं," ती म्हणाली.