बंदुकीची मूठ

सातपाटीत लाकडी होड्या बांधणारा नरहरी हा शेवटचा माणूस. हे पद त्याला कुणी दिले नव्हते. बाकीचे मेले किंवा फायबरकडे वळले, म्हणून ते आपोआप आले. चार वर्षांत त्याच्याकडे एकही होडी आली नव्हती. बायको गेल्यापासून घरात बोलायलाही कुणी नव्हते. रविवारी बारा वाजता न्यूझीलंडहून मुलाचा, दर्पणचा, फोन यायचा. बारा-दहाला दोघांकडचे बोलणे संपलेले असायचे.

मग एका रविवारी दर्पण म्हणाला, की तो तिथे समुद्रात बुडी मारून बंदुकीने मासे मारतो. लांब दांडा, त्यावर पोलादी सळी, मागे ताणलेले रबर. चाप दाबला की सळी सुटते. त्या दिवशी फोन चाळीस मिनिटे चालला. नरहरीने तिथल्या तिथे जाहीर केले, "सागवानाची करून देतो तुला. डिसेंबरात येशील तवा घेऊन जा."

"बघू," दर्पण म्हणाला. नरहरीला ते "हो" असे ऐकू आले.

शेवटच्या होडीतली एक फळी उरली होती. तिच्या चार पट्ट्या काढून त्याने लाकडाच्या रेषा उलटसुलट ठेवून चिकटवल्या, म्हणजे दांडा वाकायचा नाही. शेजारची मंजुळा बोंबील वाळत घालता घालता बघत होती.

"नरहरीभाऊ, आपल्या पाण्यात सोताचा हात दिसत नाय. मासा कसा दिसायचा?"

"हितल्या माशासाठी नाय ती."

"मग हितला मासा वाचला म्हना."

सळीसकट बंदूक हळूच बुडावी आणि सळी सुटली की वर यावी, एवढेच तंत्र. दारात कुणीतरी टाकून दिलेली एक फायबरची होडी पडली होती. खाडीचे खारे पाणी बादल्यांनी आणून त्याने ती भरली. फायबर आपल्या उपयोगी पडल्याचे हे त्याच्या आयुष्यातले पहिलेच उदाहरण. जाळ्याची शिशाची वजने दांड्यात बसवत, काढत, तिसऱ्या दिवशी बंदूक तो म्हणेल तशी वागू लागली.

उरली मूठ. ती ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची लागते. "हात कागदावर ठेव, पेन्सिल फिरव नि फोटो पाठव," नरहरी तीन रविवार सांगत होता. दर्पण तीन रविवार "पाठवतो" म्हणत होता. शेवटी बापाचा हात तोच पोराचा हात, असे धरून नरहरीने आपल्या पंजावर मूठ कोरली. अंगठ्याला खळगा, बोटांना चार लाटा. होडीच्या नाळेवरही, म्हणजे पुढच्या टोकावरही, त्याने कधी एवढे पॉलिश केले नव्हते.

चौथ्या रविवारी त्याने ती फोनसमोर धरली.

"सुंदर झालीय, बाबा. फक्त, मी डाव्या हाताने धरतो."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

नरहरीला दर्पणची लहानपणची पाटी आठवली. लिहायला पोराचा डावा हात पुढे आला की नरहरी त्यावर सुताराची पट्टी मारायचा. दोन महिन्यांत पोराची सवय गेली होती. म्हणजे त्याच्यासमोर तरी गेली होती.

"असू दे, बाबा," दर्पण म्हणाला. "भिंतीवर लावीन मी."

बारा-दहा झाले होते.

दुसऱ्या दिवशी नरहरीने मूठ करवतीने कापली आणि नवा तुकडा घेतला. मंजुळा चहा घेऊन आली.

"चांगली व्हती की. आनि दर्पण येतोय कवा?"

"बघू म्हनला."

"मग घाई कसली?"

नरहरी तुकडा डाव्या मुठीत धरून चाचपत होता. अंगठा नेमका कुठे टेकतो, ते त्याला कळत नव्हते. या हाताने त्याने आजवर फक्त लाकूड दाबून धरले होते. त्याने तुकडा खाली ठेवला आणि चहाचा कप डाव्या हातात घेतला. थोडा बशीत सांडला, थोडा लेंग्यावर.

मंजुळाने ते पाहिले, बशीतला चहा कपात ओतला, कप पुन्हा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि ती बोंबलांकडे परत गेली.