डावी बाजू

लिनोरने ओरेस्ट डुडारच्या पोटाच्या उजव्या बाजूला बर्फाचा खडा टेकवला आणि विचारलं, "गार लागतंय?"

"नाही."

तिने खडा बेंबीखालून मांडीच्या सांध्यापर्यंत फिरवला. कुठेच काही नाही. बधिरता झकास होती. काल सकाळी, म्हातारा भुलीखाली झोपलेला असताना, तिनेच सुईने पोटाच्या थरांमध्ये औषध सोडलं होतं, किडनी बसवल्यावर दोनेक दिवस जखम दुखू नये म्हणून. नव्या किडनीच्या माणसाला मॉर्फिन जपूनच द्यावं लागतं, दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या तर चालतच नाहीत. सगळी भिस्त त्या सुईवर. या कामात अख्ख्या विनिपेगमध्ये डॉक्टर लिनोर हाल्डरसनचा हात धरणारं कोणी नाही, असं लोक म्हणत, आणि लोकांनी म्हटलेलं तिला आवडत असे.

मग चादर जराशी सरकली आणि जखमेवरची पट्टी दिसली. पट्टी डावीकडे होती.

लिनोरने खडा फिरवायचा थांबवला.

दहातल्या नऊ किडन्या उजवीकडे बसवतात. याच्या उजवीकडे हर्नियाची जुनी जाळी होती, म्हणून सर्जनने डावी बाजू धरली होती. ऑपरेशनच्या खोलीतल्या फळ्यावर तसं लिहिलं होतं. कातडीवर शाईने बाणही काढला होता, पण तो पांघरुणाखाली गेला. टोचण्याआधी थांबायचं, खूण बघायची आणि बाजू मोठ्यांदा म्हणायची, असा नियम आहे. ती थांबली होती. "उजवी," असं मोठ्यांदा म्हणालीही होती. नर्सने मान डोलावली होती. बघितलं मात्र कोणीच नव्हतं, आणि टोचून ती लगेच शेजारच्या ऑपरेशनला गेली होती.

"दुखतंय का?"

"थोडंसं," ओरेस्ट म्हणाला. कालपासून तो नर्सलाही हेच सांगत होता. पलंगाच्या कडेवर त्याची बोटं पांढरीफटक पडली होती. "माझ्यातच दम नाही, डॉक्टर. चाळीस वर्षं धान्याचे ट्रक हाकले, कधी हूं की चूं केलं नाही. सकाळी माझी मुलगी लॅरिसा येऊन गेली. किडनी दिली तिने, पोट तिचंही कापलं, आणि पोरगी ताठ उभी! बापाला म्हणते, 'तातो, त्याच डॉक्टरांनी मलाही तेच इंजेक्शन दिलंय. नाटकं पुरे. चर्चमध्ये पेरोगीच्या पाऱ्या लाटणाऱ्या म्हाताऱ्या तुझ्यापेक्षा खमक्या.' खरंय तिचं. पोटच्या पोरीची किडनी घेतली आणि वर कण्हत पडलोय. लाज वाटते."

वेळ मारून नेणं अगदी सोपं होतं. वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं, आणि ते बाहेर पडलंही.

"कधी कधी औषध लवकर उतरतं."

"बघा! म्हणजे माझं अंगच कुचकामी."

लिनोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खुर्ची ओढून बसली.

"नाही. आत्ता मी खोटं बोलले. औषध उतरलेलं नाही. मी चुकीच्या बाजूला टोचलं. जखम डावीकडे आणि बधिर केलं उजवीकडे. तुम्ही ताजी जखम जवळजवळ औषधाशिवाय सोसलीत. चूक माझी आहे. मला माफ करा."

आता हा शिव्या घालणार, असं तिला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे," ओरेस्टने हळूच विचारलं, "ते खरंच दुखत होतं?"

"कोणीही ओरडलं असतं."

त्याचे डोळे भरून आले. चादरीच्या टोकाने त्याने ते पुसले, आणि हसू आलं तशी डावी कूस दाबून धरली.

"लगेच डावीकडे देते," लिनोर म्हणाली. "अर्ध्या तासात आराम पडेल. सर्जनना सांगते, कागदावरही लिहून ठेवते."

"कागदाचं तुमचं तुम्ही बघा. लॅरिसाला सांगा. इथे, माझ्यासमोर."

तेवढ्यात सलाइनचा स्टँड ढकलत लॅरिसाच दारात आली.

"काय तातो, रडगाणं संपलं की नाही?"

लिनोर उभी राहिली. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागला. सगळं ऐकून लॅरिसा बापाच्या पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि नीटच असलेली चादर पुन्हा नीट करत राहिली. मान काही वर होईना.

"अगं, तुला कुठे माहीत होतं," ओरेस्ट म्हणाला.

तो हे फक्त मुलीलाच म्हणाला.