पिंप्राळ्याच्या खोलीचा पहिला फोटो

मित्रांनो, मला दोन डोळे आहेत, एकाखाली एक. वरचा नुसता बघतो, खालचा लक्षात ठेवतो. म्हणजे तोही स्वतःकडे काही ठेवत नाही. पोटातल्या फिल्मवर उतरवतो, आणि फिल्म भरली की झुलालभाऊ ती काढून नेतात. कॅमेऱ्याचा जन्मच असा, दिवसभर बघायचं आणि संध्याकाळी रिकामं व्हायचं. तरी एक गोष्ट माझ्यात कुठेतरी अडकून राहिली आहे. ती तुम्हाला सांगते, कारण तुमच्याही घरात भिंतीवर फोटो असतील.

हो, मला 'कॅमेरा' म्हणतात म्हणून मी पुरुषच, असं समजू नका. झुलालभाऊ मला 'पेटी' म्हणत. "पेटी आण गं," असं त्यांनी बायकोला सांगितलं की मला बरं वाटे. मी कारखान्यात कुठे घडले ते मला आठवत नाही. आठवतं ते धुळ्याचं एक बंद पडलेलं दुकान. तिथून झुलालभाऊंनी मला जळगावला आणलं, गळ्यात नवा पट्टा घातला आणि स्टेशनाजवळच्या आपल्या स्टुडिओत उभं केलं. माझ्यात बघायचं तर मान खाली घालावी लागते. समोर आलेल्या माणसाला वाटायचं, हा फोटोवाला आपल्याला नमस्कारच करतोय.

मी लग्नं पाहिली, शाळेचे वर्ग पाहिले, केळीचे घड उचलून उभे राहिलेले शेतकरी पाहिले. कुणी गेलं की शेवटचा फोटो काढायलाही मलाच नेत. लोक म्हणत, "झुलालभाऊंच्या पेटीत माणूस आहे त्यापेक्षा बरं दिसतं." मी फुगून जायचे.

असंच एकदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मंजुळाबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. मंजुळाबाई मूळच्या अमळनेरकडच्या. नवरा लवकर गेला. पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर आणि ही एकच मुलगी. तिचं नाव चंद्रकला, पण सगळे चंद्री म्हणत. आईने तिचे केस तेल लावून इतके चापून बसवले होते की डोळे वर ओढले गेले होते. दोन वेण्या, लाल फिती, आणि एक फीत सारखी सुटत होती. आई बांधायची, ही डोकं हलवायची, फीत पुन्हा सुटायची.

फोटो काढून झाल्यावर चंद्री म्हणाली, "भाऊ, मले बी त्यामा देखू द्या ना." झुलालभाऊंनी तिला स्टुलावर चढवलं. तिने माझ्या काचेत डोकावलं. समोर आई उभी होती. माझ्या काचेत डावं ते उजवं दिसतं, उजवं ते डावं.

"माय व! तू ते डावखुरी दिखस!" चंद्री हसून हसून स्टुलावरून पडायला आली.

"उतर खाले, भवाने. पडशी ना!" आई म्हणाली. तीही हसत होती.

मी तिला इतक्या जवळून तेवढंच पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात चंद्रीला ताप भरला. इथल्या डॉक्टरांनी धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. दवाखान्यात मुलीला खाट मिळाली, आईला कुठली मिळणार? ती बाहेर झाडाखाली स्टोव्ह आणि पातेलं घेऊन राहिली. थंडीत रात्री कुडकुडायची आणि सकाळी दार उघडलं की आत धावायची. एका सकाळी दार उघडल्यावर धावायचं कारणच उरलं नव्हतं.

मी काढलेला तो फोटो मोठा करून, काचेची चौकट करून, मंजुळाबाईंनी पुढच्या खोलीत लावला. त्याला कागदी फुलांचा हार घातला. रोज संध्याकाळी त्या चौकटीसमोर उभ्या राहून बोलायच्या. "आज भाजीले मीठ जास्त व्हयनं व चंद्री," असं काहीबाही.

आणि मग त्यांनी ठरवलं, की पुढची खोली पेशंटच्या माणसांना द्यायची. आठ दिवस राहा, पंधरा दिवस राहा, पण झाडाखाली राहू नका. जळगावच्या दवाखान्यासमोर निर्मलकुमार यांचं कापडाचं दुकान होतं. खेड्यावरून आलेली माणसं आधी त्यांच्याच ओट्यावर टेकायची. निर्मलकुमार म्हणाले, "मावशी, खेड्यातला माणूस नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. खोलीचे फोटो काढू. मी दुकानाच्या काचेत लावतो. बघतील आणि येतील."

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मी पिंप्राळ्याला गेले.

घराचा फोटो काढणं हे माणसाच्या फोटोपेक्षा अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस हसतो तरी. खोलीला हसवावं लागतं. मंजुळाबाईंनी स्वतःच्या हाताने चुना दिला होता. निर्मलकुमारांनी दुकानातली नवी कोरी चादर आणली होती, टेबलफॅन आणला होता. पंखा लावायला भिंतीत बटणच नव्हतं.

"वायर मागे लपवा," निर्मलकुमार म्हणाले. "फोटोत कुठे वारा दिसतो?"

"आणि आलेल्या माणसाने वारा मागितला तर?" झुलालभाऊंनी विचारलं.

"तोवर बटण बसवू ना, भाऊ! तुम्ही फोटो काढा."

झुलालभाऊ मला घेऊन दाराच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहिले, म्हणजे खोली मोठी दिसते. स्टोव्ह बाहेर गेला. पाण्याच्या माठावर पितळी गडू आला, तबकात केळी आली. खिडकी उघडली, तरी आत अंधारच होता. मग माझ्या कानाशी फ्लॅश बसवला. झगझगीत उजेड पडला आणि पहिला फोटो निघाला.

निर्मलकुमार खोलीभर नजर फिरवत होते. ती भिंतीवरच्या चंद्रीच्या फोटोवर थांबली. माणूस वाईट नव्हता. पगडीवाल्या वडिलांच्या दुकानात लहानपणापासून गिऱ्हाईकाचं तोंड वाचत बसलेला होता.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "राग मानू नका. येणाऱ्याचं माणूस दवाखान्यात असतं. हार घातलेला फोटो दिसला की तो उंबऱ्यातूनच मागे फिरतो. त्यात लेकराचा..."

मंजुळाबाईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "खरं शे तुमनं," त्या म्हणाल्या. स्टूल घेतलं आणि स्वतःच फोटो उतरवला. उरलेल्या खिळ्यावर झुलालभाऊंनी खताच्या दुकानाचं कॅलेंडर अडकवलं. त्यावर हिरवंगार शेत होतं.

मित्रांनो, आता नीट ऐका. फोटोवर चुन्याचे शिंतोडे उडाले होते. तसाच मळका फोटो कसा ठेवायचा? मंजुळाबाईंनी तो मोरीत नेला. पोरीला झोपवण्याआधी हातपाय धुवावेत तसा. राखेचं बोट लावून काच घासली, तांब्याने पाणी घातलं, उलटा करून मागचा पुठ्ठाही धुतला. माझ्या वरच्या डोळ्याला ते सगळं दिसत होतं, काचेच्या कडेला, इवलंसं. झुलालभाऊही माझ्यातच बघत होते. पण ते चादरीची सुरकुती बघत होते.

"मंजुळाबाई," ते मान वर न करता म्हणाले, "जरा बाजूला व्हा. फोटोत येता."

त्या बाजूला झाल्या. हातातल्या चौकटीतून पाणी ठिबकत होतं.

घरात सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे गव्हाची कोठी. ओला फोटो पदराने टिपून, चंद्रीच्या फ्रॉकात गुंडाळून त्यांनी तो कोठीत गव्हावर ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

बाकीचे फोटो सुरेख निघाले. चादर पांढरीशुभ्र, केळी पिवळी नसली तरी पिवळी वाटावीत अशी, आणि कॅलेंडरवरचं शेत. पहिला फोटो तेवढा झुलालभाऊंनी छापलाच नाही. निगेटिव्ह लिफाफ्यात तळाशी राहिली.

माणसं येऊ लागली. एरंडोलकडची, चोपड्याकडची, अगदी शिरपूरची. खोली रिकामी राहीना, म्हणून कोठीतला फोटोही बाहेर निघाला नाही. मंजुळाबाई त्यांना भाकऱ्या करून द्यायच्या, दवाखान्यात डबा पोचवायच्या. कुणाचं माणूस बरं होऊन घरी जायचं. कुणी रिकाम्या हातांनी येऊन आपलं बोचकं उचलायचं, आणि त्या त्यांना फाटकापर्यंत सोडायला जायच्या. निर्मलकुमार दुकानात कौतुकाने सांगायचे. एकदा फोटो काढायला आले तेव्हा त्यांनीच झुलालभाऊंना सांगितलं, की एका बाईने मंजुळाबाईंना विचारलं, "तुम्हाला लेकरूबाळ नाही का?" त्या म्हणाल्या, "शे ना, एक पोर शे." "कुठे असते?" तर म्हणाल्या, "घरमाच शे."

मग पुढच्या वर्षाची आखाजी आली. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि त्याच दिवशी गेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी ठेवतात. मंजुळाबाईंच्या घरी दोन्ही एकाच पोरीसाठी करायचं. घागर फोटोसमोर ठेवायची म्हणून आदल्या दिवशी त्यांनी कोठी उघडली.

त्या पिंप्राळ्याहून भर उन्हात चालत स्टुडिओत आल्या. फ्रॉक सोडला आणि चौकट टेबलावर ठेवली.

आत शिरलेलं पाणी बाहेर निघालं नव्हतं. अख्खा पावसाळा ते त्या झाकणाखाली होतं. कागद काचेला चिकटला होता आणि त्यावर काळ्याहिरव्या बुरशीचा थर चढला होता. फ्रॉकची कॉलर दिसत होती. तिच्या वर काहीच उरलं नव्हतं.

"भाऊ, तिनं तोंड कोठे गयं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, जणू दुकानात वस्तू चुकून दुसरीच मिळाली असावी.

"पाणी लागलं होतं का याला?"

"धुई टाकं ना मी. तुमनासमोरच ते."

झुलालभाऊ खुर्चीत बसले. मला ठाऊक आहे, त्यांना ती ठिबकणारी चौकट आठवली असणार.

"मंग दुसरा काढी द्या," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुमनापान मूळ फिल्म ऱ्हास ना?"

स्टुडिओत अशी रीत असते, की जुन्या निगेटिव्ह साचल्या की चांदीवाला येतो. फिल्मवर चांदीचा थर असतो. चांदीवाला तो काढून घेतो, वितळवतो आणि सराफ बाजारात पैंजणं घडवणाऱ्यांना विकतो. सगळे फोटोवाले देतात. झुलालभाऊंनीही दिवाळीत जुन्या निगेटिव्हचा डबा दिला होता. चंद्रीची फिल्म त्यातच होती. त्यांनी ते मान खाली घालून सांगितलं. या वेळी त्यांच्या हातात मी नव्हते.

मंजुळाबाईंनी चौकट पुन्हा फ्रॉकात गुंडाळली. मग म्हणाल्या, "म्हणजे मनी पोर आते कोनातरी पायमा वाजी ऱ्हायनी व्हई."

तेव्हा झुलालभाऊंना खोलीचा तो पहिला फोटो आठवला, चौकट भिंतीवरून उतरवण्याआधीचा. तडक उठले, लिफाफा शोधला, तळाची निगेटिव्ह उजेडाकडे धरली. भिंत होती. भिंतीवर बोटाच्या नखाएवढी चौकट होती. "आहे!" ते ओरडलेच. "मंजुळाबाई, आहे! मोठा करतो. या आत."

डार्करूमच्या लाल उजेडात त्या दोघांच्या मधे मी फळीवर होते. कागद औषधाच्या तबकात पडला. आधी भिंत आली. मग खिळा. चौकटीच्या कडा, हाराची फुलं एकेक करून. उजव्या कानाखालची सुटलेली फीत आली. मंजुळाबाईंनी तोंडावर हात धरला.

आणि मध्ये पांढरं राहिलं.

माझा फ्लॅश काचेवर बरोबर तिथेच पडला होता.

"अजून यावानं शे ना?" त्यांनी विचारलं. "थांबा भाऊ. काढू नका. येई ती."

झुलालभाऊंनी कागद काढला नाही. तो बाहेर काढायची वेळ कधीच होऊन गेली. भिंत काळवंडली, हार काळा झाला, फीत काळी झाली. मधला उजेड मात्र तसाच पांढरा राहिला. दोघं बघत होते. शेवटी मंजुळाबाईंनीच हात घालून तो ओला कागद उचलला.

दुसऱ्या कागदावर झुलालभाऊंनी तोच फोटो, तोंडाशिवायचा, नीट काढून दिला. आखाजीला ते स्वतः पिंप्राळ्याला आले, मला घेऊन. खोलीत बेबाबाई नावाची बाई उतरली होती. तिचा नवरा दवाखान्यात होता. मंजुळाबाईंनी कॅलेंडर काढलं आणि खिळ्यावर फोटो लावला. हार घातला. खाली घागर ठेवली.

बेबाबाई दारातून बघत होती. निर्मलकुमार सांगत होते तसंच झालं. तिचा चेहरा उतरला. "कोण हो ही? तोंड का नाही तिला?"

मंजुळाबाई सांगू लागल्या. नाक कसं होतं, डावा दात कसा थोडा पुढे होता, फीत कशी टिकायची नाही. बेबाबाईने ऐकून घेतलं, हात जोडले, आणि संध्याकाळी बोचकं घेऊन दुसरीकडे गेली. तिला कोण नावं ठेवणार?

झुलालभाऊंनी खोलीचा नवा फोटो काढला. मंजुळाबाई आपणहून बाजूला सरकल्या, सवयीने. ते माझ्यातून मान वर करून म्हणाले, "नाही, मंजुळाबाई. तिथेच उभ्या राहा. फोटोखाली."

निर्मलकुमारांनी तोच फोटो दुकानाच्या काचेत लावला. त्यानंतर माणसं फार थोडी आली. ज्यांना जाण्यासारखी दुसरी जागाच नव्हती, तीच आली. मंजुळाबाईंनी त्यांनाही भाकऱ्या करून घातल्या.

आता मी झुलालभाऊंच्या कपाटात पडून आहे. दमट हवेने माझ्या खालच्या डोळ्यातही बुरशी धरली आहे, तीच, काळीहिरवी. वरचा डोळा अजून साफ आहे. कुणी कपाट उघडलं की समोरचं माणूस दिसतं, डावं ते उजवं, आणि क्षणभर वाटतं की स्टुलावरून कुणीतरी हसेल.

मित्रांनो, भिंतीवरचा फोटो कोरड्या फडक्याने पुसा. त्याला पाणी लावू नका, बंद डब्यात ठेवू नका, आणि त्याची एक प्रत नात्यात कुणाकडे तरी देऊन ठेवा. आणि तुम्ही मोठे होऊन कुणाच्या घराचा फोटो काढायला गेलात, तर खोली छान दिसावी म्हणून त्या घरच्या बाईला बाजूला व्हा म्हणू नका. तिच्या हातात काय आहे, ते आधी बघा.